सावडीचा कागद

माझा भाचा हिंजवडीतल्या एका कंपनीत आहे. गेल्या ईदला शिरखुर्म्याची वाटी हातात धरून तो मला सांगत होता की त्याची कंपनी स्वतः लिहिलेले प्रोग्राम जगाला फुकट देते, तेही आतल्या सगळ्या ओळी उघड्या ठेवून. कुणीही घ्यावेत, वाचावेत, बदलावेत. लोक आणि कंपन्या असं का करतात यावर त्याला ऑफिसात भाषण द्यायचं होतं आणि त्याने कारणं काढून ठेवली होती. ज्ञानावर सगळ्यांचा हक्क, समाजाचं देणं, मिळून शिकण्याचा आनंद, असलं बरंच काही. मी म्हटलं, बाबा रे, खुर्मा गार होतोय.

त्याला वाटलं, फुफीला यातलं काही कळत नाही. कळत होतं म्हणूनच मी विषय वाढवला नाही. फुकट वाटलेला प्रोग्राम मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, लिहिला आहे, उरवड्याच्या एका कारखान्यात, हिंजवडीत नुसती शेतं होती त्या काळात. तो कुणी का वाटला, कुणी का घेतला आणि कुणी का सुधारून परत पाठवला, हे मी दोन पावसाळे फार जवळून बघितलं. त्यानंतर कुणी औदार्यावर बोलायला लागलं की मला जांभई येते.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमचा कारखाना पत्र्याचे सुटे भाग ठोकायचा. मालक पुण्याचे. त्यांनी कॉम्प्युटर घेतला, कारण शेजारच्या कारखान्याने घेतला होता. त्याला खोली बांधली, एसी बसवला, नारळ फोडला, पडद्याला हळदकुंकू लावलं आणि चपला बाहेर काढायचा नियम केला. प्रेस शॉपचं छप्पर गळायचं, तिथे मात्र माणसं बादल्या सरकवत काम करायची. मी स्टॅटिस्टिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली, पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स केलेली. पौडहून एसटीने यायची. मुलाखतीत मालकांनी एकच प्रश्न विचारला, टायपिंग येतं ना? येतं म्हटल्यावर नोकरी मिळाली. पुढे दोन वर्षं कुणीही पाहुणा आला की माझ्यादेखत ते सांगायचे, "ह्या बाई टायपिंग करतात." देवळातली घंटा दाखवावी तसं यंत्र दाखवायचे आणि पुजाऱ्यासारखं मला.

प्रेस शॉपमधली निम्मीअधिक माणसं कोळवण खोऱ्यातली. भाताची लावणी सुरू झाली की ती कामावर येत नसत आणि प्रेस बंद पडायचे. मालकांनी याच्यावर तोडगा काढला होता. प्रत्येकाला स्वतःच्या लावणीसाठी दोन दिवस रजा, त्यावर खाडा झाला की नोटीस. त्यांना वाटायचं, माणूस जातो, आपलं शेत लावतो आणि येतो. खोऱ्यात असं कुणीच शेत लावत नाही. तिथे सावड असते. आज तुम्ही बाराजण माझ्या खाचरात आलात, की मला बारा दिवस तुमच्याकडे जावं लागतं, कुणाकडे चिखलणीला, म्हणजे लावणीआधी खाचराचा चिखल करायला, बैल घेऊन, कुणाकडे नुसत्या हातांनी. शहरातली माणसं सावडीचं नाव काढताच हळवी होतात. त्यात हळवं होण्यासारखं काही नाही. तुम्ही गेला नाहीत तर तुमच्याकडे कुणी येत नाही, एवढाच मामला आहे. एका पावसाळ्यानंतर चौदा नावं बोर्डावर लागली. पुढच्या वर्षी यांच्यापैकी कुणाचे दोनापेक्षा जास्त खाडे झाले तर त्याने कामावर यायची गरज नाही, असं खाली लिहिलं होतं.

तेव्हा मी तो प्रोग्राम लिहिला. अब्बांचं पौडात दुकान होतं, दोर, घमेली, पावसाळी प्लॅस्टिक असलं. लावणीच्या आधी सगळं खोरं प्लॅस्टिक घ्यायला तिथे येतं. मी वही घेऊन पोत्यावर बसायची आणि आमच्या कारखान्यातलं कुणी आलं की विचारायची, तुझ्याकडे कोण येतं, तू कुणाकडे जातोस, तुझं खाचर वरचं की खालचं. पाणी वरून खाली येतं, त्यामुळे वरची खाचरं आधी लागतात. हे सगळं यंत्रात घातलं की कुठल्या दिवशी कोण कुणाच्या शेतात आणि उरलेल्यांपैकी कोण कुठल्या पाळीला, याचा तक्ता छापून निघायचा. मालकांनी दोन दिवसांचा नियम सोडून हा तक्ता लावला. लावणीच्या पंधरा दिवसांत एरवी जेवढे खाडे व्हायचे तेवढीच रजा, पण वाटून दिलेली. प्रेस एकही दिवस बंद पडला नाही आणि चौदापैकी कुणाचीही नोकरी गेली नाही.

हे मी कामगारांसाठी केलं असं पुढे मी पुष्कळांना सांगितलं आहे. साफ खोटं. मालकांना टायपिंगवाल्या बाईची अक्कल दाखवायची होती म्हणून केलं. चौदा माणसांच्या चुली हे निमित्त. प्रोग्रामच्या अगदी पहिल्या ओळीत मी माझं नाव घातलं होतं. ती ओळ यंत्र सोडून देतं, पडद्यावर कधी येत नाही. उघडून वाचणाऱ्यालाच दिसते. उघडून वाचणारं तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी मी ती रोज एकदा बघायची.

पुढच्या वर्षी मालकांनी आसपासच्या सात कारखान्यांच्या मालकांना बोलावलं, बटाटेवडे खाऊ घातले आणि हा प्रोग्राम आपण सर्वांना विनामूल्य देत आहोत असं जाहीर केलं. विद्या कुलुपात ठेवायची नसते वगैरे बोलले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, मला वाटलं आता माझं नाव घेतील.

खरं कारण असं होतं की आमच्या माणसाचे सावडकरी शेजारच्या कारखान्यात होते. तिथल्या साहेबाने रजा फिरवली की आमचा तक्ता कोलमडायचा, आणि मी तो पुन्हापुन्हा छापत बसायची. सगळ्यांनी आमचाच तक्ता लावला तर आमचाच प्रेस नीट चालणार होता. शिवाय मालकांना कारखानदारांच्या संघाचं अध्यक्ष व्हायचं होतं, ते झालेही. यात वाईट काही नाही. आपल्या फायद्यासाठी दिलं असं म्हणाले असते तर मी त्यांना मान दिला असता. पण फायद्याची गोष्ट दानधर्माच्या आवाजात सांगायची, ही त्यांची खोड होती.

ओळी उघड्या का दिल्या, तेही ऐका. प्रत्येकाचं यंत्र वेगळ्या बनावटीचं, एकाची फ्लॉपी दुसऱ्यात चालायची नाही. म्हणून सगळा प्रोग्राम कागदावर छापायचा आणि ज्याने त्याने आपल्या यंत्रात तो टाइप करून घ्यायचा, दुसरा मार्गच नव्हता. मी दोन्ही कडांना भोकं असलेल्या लांबलचक कागदावर सात प्रती काढल्या. पाठवायच्या आदल्या दिवशी मालक खोलीत आले, चपला बाहेर काढून, आणि म्हणाले, "पहिली ओळ काढा. तिथे कंपनीचं नाव घाला. बरं दिसतं ते." मी काढली. घातलं. त्या दिवसापासून माझ्या पोटात जो राग बसला तो पुढच्या सगळ्या गोष्टीचं मूळ आहे, त्यामुळे सांगून ठेवते.

त्या कागदाची आणखी एक प्रत फिरत फिरत पुण्यातल्या काही हौशी पोरांकडेही गेली. दर रविवारी जमून एकमेकांचे प्रोग्राम फुकट वाटून घेणारी मंडळी. महिन्याभराने त्यांनी सुधारलेली प्रत परत धाडली. सुधारणा काय, तर सुरुवातीला यंत्र सनईसारखं काहीतरी वाजवायचं, मग चार पोरांची नावं चांदण्यांच्या चौकटीत यायची. लावणी म्हणजे काय हे एकालाही ठाऊक नव्हतं. त्यांना काही दुरुस्त करायचं नव्हतं, आपण इथे येऊन गेलो हे किल्ल्याच्या भिंतीवर कोरतात तसं कोरायचं होतं. मला त्यांची कीव आली, आणि त्यांची नावं राहिली, माझं गेलं, म्हणून हेवाही वाटला.

जूनच्या सुरुवातीला गेटवरच्या माणसाने माझ्याकडे आणखी एक गुंडाळी आणून दिली. शेजारच्या कारखान्यातल्या टाइमकीपरने पाठवली होती. हा माणूस हजेरीच्या घड्याळाशेजारी वीस वर्षं बसलेला, कुणाशी धड न बोलणारा, मिनिटभर उशीर झाला तरी कार्डावर लाल रेघ ओढणारा. त्याने जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरचं पुस्तक वाचून वाचून आमचा प्रोग्राम ओळीने तपासला होता. कागदाच्या समासात पेन्सिलीने बारा नव्या ओळी होत्या आणि वर, हजेरीच्या लाल शाईत, एक वाक्य. "हे ज्याने लिहिले त्याला सावड म्हणजे काय हे माहीत नाही."

मला. पौडच्या बाजारात जन्मलेल्या, पोत्यावर बसून अख्ख्या खोऱ्याची सावड वहीत उतरवून घेतलेल्या मला. आणि वर 'ज्याने'. बाईने लिहिलं असेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. मी समासातल्या ओळी वाचल्या. नीट वाचल्या, कळल्याही. मी माणसं मोजली होती, तीही फक्त कारखान्यातली. सावड माणसांची नसते, घरांची असते. ज्या घरातलं कुणीच कारखान्यात नाही ते घर माझ्या तक्त्यात नव्हतं. त्याच्या शेतावर जायला कुणालाही रजा मिळणार नव्हती. आदल्या वर्षी तक्ता एकट्या आमच्या कारखान्यात होता, तेव्हा माणसं एखादा दिवस इकडेतिकडे करून अशा घरी जाऊन आली होती. या वर्षी आठही कारखान्यांनी ठराव केला होता, तक्त्यात असेल तर रजा, नसेल तर नोटीस.

हे सगळं मला त्या दुपारी, त्या खुर्चीवर, पाच मिनिटांत समजलं. बारा ओळी टाइप करायला अर्धा तास लागला असता. मी ती गुंडाळी ड्रॉवरमध्ये टाकली. मनात म्हटलं, पहिल्या ओळीत कंपनीचं नाव आहे ना, मग चूकही कंपनीची. ज्याचं नाव त्याने निस्तरावं.

लावणी झाली. प्रेस सुरळीत चालले. मालकांनी संघाच्या बैठकीत तक्त्याचं पुन्हा कौतुक करवून घेतलं.

ऑगस्टात एका संध्याकाळी पिरंगुटच्या एसटी थांब्यावर टाइमकीपर माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. तोवर त्याला कळलं होतं की प्रोग्राम बाईने लिहिला आहे. त्याने माफी वगैरे मागितली नाही. कागद मिळाला का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मिळाला, पण लावणी उरकल्यावर. मग त्याने सांगितलं की खोऱ्यात त्याची बहीण आहे. नवऱ्याने टाकलेली. त्याने आपल्या वाटणीची दोन खाचरं तिला दिलीत आणि ती एकटीच राहून ती करते. तिच्या घरातलं कुणी कारखान्यात नाही.

मी त्याला विचारलं, तुमच्या कारखान्याच्या प्रतीत तुम्ही दुरुस्ती केली नव्हती का? कुठेतरी त्याच्याही चुकीचा धागा सापडावा अशी माझी धडपड होती. तो म्हणाला, "केली की. माज्याकडं करून काय उपेग? तिच्या सावडीतली तीन माणसं आमच्याकडं, अकरा तुमच्याकडं आन बाकीच्या ठिकानी. सगळ्यांच्या कागदात बसल्याबिगर तिचं खाचर लागत न्हाई. न्हाईतर मला काय पडलंय तुमचा कागद सुधरायचं?"

फुकट सुधारून परत देण्याचं इतकं चोख कारण मी पुढे कधीही ऐकलं नाही. त्यात सेवा नव्हती, आनंद नव्हता, समाज नव्हता. एक बहीण होती आणि दोन खाचरं होती. पण ते चोख आहे हे कळूनही मला तिथे आधी भीतीच वाटली, की याने खोटं ओळखलं असेल. त्याची एसटी आली. चढताना तो म्हणाला, "मी सोता गेटवर देऊन गेलो व्हतो बाई. आठ जूनला, धा वाजून बारा मिन्टांनी."

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला आणि बारा ओळी टाइप केल्या. सात प्रती काढल्या. मालकांना विचारलं नाही. शनिवारी अर्धी सुट्टी असायची, तेव्हा छत्री घेऊन प्रत्येक कारखान्याच्या गेटवर स्वतः नेऊन दिल्या. पहिल्या ओळीत यावेळी काहीच लिहिलं नाही, ना कंपनीचं नाव, ना माझं. मालकांना कळलं तेव्हा ते फार चिडले, कारण नव्या तक्त्यात रजेचे दिवस वाढत होते. पण तोवर कागद वाटून झाला होता आणि वाटलेला कागद त्यांनाही परत मागता येईना, विद्या कुलुपात ठेवायची नसते म्हणून बोलून बसले होते. मी हे का केलं असं कुणी विचारलं असतं तर मी नक्कीच काहीतरी उदात्त सांगितलं असतं. शरम वाटत होती म्हणून केलं. दुसरं काही नाही.

आणि शरमेलाही पुरी फेडल्याची पावती हवी असते. म्हणून त्या रविवारी मी एसटीने कोळवणला गेले. हातात वही होती. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात तिचं घर घालायचं, खाचर वरचं की खालचं ते विचारायचं, ती चार शब्द बरे बोलेल, असा माझा हिशेब होता.

टाइमकीपरची बहीण माझ्याहून फार मोठी नव्हती. ओट्यावर सुपात शेंगा सोलत होती. बसा म्हणाली. मी कोण ते सांगितलं. तिने मान डोलावली. समोर तिची खाचरं दिसत होती. आजूबाजूला सगळं हिरवंगार भात आणि मधली दोन खाचरं गवताने भरलेली. एका कडेला लावायचं राहिलेलं रोप तसंच उभं होतं, निबर होऊन पिवळं पडलेलं. तिने सांगितलं की ती सावडीतल्या चौदाही घरांच्या लावणीला गेली होती, कारण सगळ्यांचे दिवस आधी लागले. तिचा दिवस आला तेव्हा माणसं दारात येऊन सांगून गेली की कागदात तुझं नाव नाही, आम्ही आलो तर काम जातं. एकदोघं रडलेही. त्यांच्या बायका त्या दिवशी कागदाप्रमाणे दुसऱ्याच्या शेतात होत्या. आणि बैल धरायला गडी नसल्यावर एकट्या बाईने चिखलणी कशाने करायची? हे सगळं तिने तक्रारीने सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून सांगितलं.

मी वही उघडली आणि पुढच्या वर्षीचं विचारलं. ती म्हणाली की पुढच्या वर्षी ती नसेल. भाताविना वर्ष काढायला ती पुण्याला एका घरी कामाला राहायला जाणार होती, आणि एकदा सावडीतून उठलं की पुन्हा कोण घेतं? खाचरं चुलत दिराने मागितली होती.

"चुलत दिराने?" मी म्हटलं. "खाचरं तर भावाने दिलेली आहेत."

"भावाची व्हती तवर भावाची. पडीक राहिली की ज्येचा बांध लागून हाय त्येची," ती म्हणाली. मी वही मिटली.

मग मी बोलून गेले. का बोलले ते मला आजही सांगता येणार नाही. एवढ्या खोट्यांमध्ये कागद उशिरा मिळाल्याचं तेवढं एक मला पेलवलं नाही. मी म्हटलं, "तुमच्या भावाने दुरुस्ती वेळेवर दिली होती. मीच ती ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. मला राग आला होता."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिने माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते.

"माज्यावर?" तिने विचारलं.

ती खरंच विचारत होती. तिच्यावर पुष्कळ माणसं रागावली असणार, कारण न सांगता. मी म्हटलं, "नाही. तुम्हाला तर मी ओळखतही नव्हते."

"मग बरं," ती म्हणाली, आणि शेंगांचं सूप बाजूला सारून माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.